गेटवर बसलेला नवरा, ऑफिसात बसलेला भाऊ

पत्र (थोडं आटोपशीर करून, ओळख पटेल असे तपशील वगळून) :

ताई, माझं माहेर इंदूरचं, परदेशीपुऱ्यातलं. बाबा हुकुमचंद मिलमध्ये होते. मिल बंद झाली तेव्हा मी दहा वर्षांची होते. लग्न होऊन मी इथे आले. माळव्यातलं हे छोटं गाव एका कारखान्यावर उभं आहे. हे तिथे 22 वर्षं आहेत. वर्षभर माल उठत नाहीये. आधी ठेकेदारीतली मुलं काढली, मग रात्रपाळी बंद केली, आता ले-ऑफची (काम नाही म्हणून तात्पुरतं घरी बसवण्याची) नोटीस लागलीय. दोन महिन्यांचा पगार अडकलाय. युनियनचा धरना सुरू आहे आणि हे रोज गेटवर असतात. माझा धाकटा भाऊ त्याच कारखान्यात पर्सोनेल ऑफिसात आहे. त्याला तिथे चिकटवला तोही ह्यांनीच. नोटिशीवर त्याची सही आहे. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. माझा मुलगा वीस वर्षांचा. मागच्या आठवड्यात रात्री स्टाफच्या बसवर दगड पडले, त्या जमावात तो होता. दगड मारला नाही म्हणतो. रिपोर्टमध्ये काही नावं आणि ‘इतर 50 अज्ञात’ आहेत. किराणावाल्याने उधारी बंद केली. मी ब्लाउज शिवते, तेही येईनासे झाले. व्हीआरएसचा (स्वेच्छानिवृत्तीचा) कागद घरी आलाय, महिनाअखेरची मुदत आहे. बाबांनी मिलच्या पैशाची वाट बघत आयुष्य घालवलं आणि पैसे यायच्या आधीच गेले. मला ते परत नकोय. ह्यांना धरन्यावरून उठवून आणू का? सही करायला लावू का?
— वृंदा (नाव बदललं आहे)

वृंदाताई,

सगळ्यात आधी मुलाचं बघू, कारण बाकी गोष्टींना थोडा वेळ आहे, त्याला नाही. ‘अज्ञात 50’ मध्ये कुणाचंही नाव नंतर घालता येतं. एफआयआरची प्रत काढा आणि वकील गाठा. पैसे नाहीत म्हणून थांबू नका. विधी सेवा प्राधिकरण कायदा 1987 चा आहे. त्याच्या कलम 12 प्रमाणे स्त्रिया आणि औद्योगिक कामगार, दोघांनाही मोफत वकील मिळतो. पण केस मुलाची आहे, म्हणून तो स्वतः उत्पन्नाच्या अटीत बसतो का, ते अर्ज देताना विचारा. जिल्हा न्यायालयाच्या आवारात प्राधिकरणाचं कार्यालय असतं. तिथे अर्ज द्या आणि अटकपूर्व जामिनाचं विचारा. त्याला घाईने आजीकडे इंदूरला पाठवू नका. वकिलाला न विचारता तो गावातून नाहीसा झाला तर पळाला असंच म्हणतील. त्या रात्रीचे व्हिडिओ फोनवरून पुढे पाठवायचे नाहीत आणि पुसायचेही नाहीत, हे त्याला तुम्ही स्वतः सांगा.

एवढी घाई का करते आहे ते सांगते. 18 जुलै 2012 ला हरियाणात मानेसरच्या मोटार कारखान्यात दंगल झाली. एचआरचा एक अधिकारी आगीत गेला. 148 कामगार तुरुंगात गेले. मार्च 2017 मध्ये निकाल लागला तेव्हा 31 दोषी ठरले आणि 117 निर्दोष सुटले. या 117 जणांपैकी बहुतेकांनी निर्दोष ठरण्याआधी वर्षानुवर्षं जामिनाविना काढली होती. त्यांच्या मागण्यांचं, ठेकेदारी कामगारांच्या तक्रारींचं काय झालं, हे त्यानंतर कुणी विचारलं नाही. सगळी चर्चा त्या एका दिवसाभोवती अडकली. तुमच्या गावात स्टाफच्या बसवर दगड पडला त्या क्षणी दोन महिन्यांच्या थकलेल्या पगाराची बातमी मागे गेली आणि दगडाची पुढे आली. ह्यांना हे पटेल. 22 वर्षं कारखान्यात काढलेल्या माणसाला असल्या रात्रीची किंमत कळते. आणि त्या बसमध्ये तुमचा भाऊही असू शकला असता.

आता तुमचा मुख्य प्रश्न. उठवून आणू नका.

तुम्हाला धरन्याची भीती वाटते, ती मला कळते. पण मला त्याहून जास्त भीती धरना संपल्यानंतरच्या गप्पपणाची वाटते. व्हिएन्नाजवळ मारिएंथाल नावाचं एक गाव होतं, सूतगिरणीवर वसलेलं, चार-पाचशे कुटुंबांचं. जागतिक मंदीच्या सुरुवातीला गिरणी बंद पडली आणि जवळजवळ सगळं गाव एकदम बेकार झालं. 1931-32 च्या सुमाराला काही तरुण समाजशास्त्रज्ञ तिथे जाऊन राहिले. उपाशी माणसं पेटून उठतील असं तेव्हा पुष्कळांना वाटायचं. त्यांना दिसलं ते उलटंच. वाचायला वेळच वेळ होता, तरी वाचनालयातून पुस्तकं नेणं कमी झालं होतं. पुरुष रस्त्यावरून सावकाश, थांबत थांबत चालत होते. दिवसभर काय केलं हे विचारलं तर त्यांना सांगता येईना. बायकांचा दिवस मात्र भरलेला होता, कारण चूल, मुलं, फाटके कपडे होतेच. कारखाना जातो तेव्हा पगाराबरोबर वेळेचा आकारही जातो, आणि तो पुरुषांचा आधी जातो. ह्यांना सकाळी उठून कुठेतरी पोचायचं आहे, चार माणसं वाट बघताहेत, ही गोष्ट आज तुमच्या घराला सांभाळून धरते आहे. ती काढून घेतलीत तर घरात बसलेला माणूस तुम्हाला गेटवर बसलेल्या माणसापेक्षा जड जाईल.

शिवाय रोज तिथे असण्याला रोकडा फायदाही आहे. ले-ऑफ म्हणजे काढून टाकणं नव्हे. वर्षभर सलग नोकरी झालेल्या आणि हजेरीपटावर नाव असलेल्या कामगाराला ले-ऑफच्या काळात मूळ पगार आणि महागाई भत्त्याच्या निम्मी रक्कम मिळते. पण त्यासाठी दिवसातून एकदा, कामाच्या ठरलेल्या वेळी, कारखान्यात हजेरी द्यावी लागते. धरन्यावर बसणं म्हणजे हजेरी नव्हे. पुष्कळ जण इथेच चुकतात. गेटवर दिवसभर असतात आणि रजिस्टरवर सही नसते. सही करू देत नसतील तर त्याच दिवशी लेखी पत्र द्या, पोच घ्या. पोच देत नसतील तर रजिस्टर पोस्टाने पाठवा.

काम बंद करायचं ठरत असेल तर घाई नको. 21 नोव्हेंबर 2025 पासून नव्या श्रमसंहिता लागू आहेत. त्यात कुठल्याही कारखान्यात संपाआधी 14 दिवसांची नोटीस लागते. निम्म्या किंवा त्याहून जास्त कामगारांनी ठरवून एकाच दिवशी रजा टाकली तर तोही संपच धरतात. श्रम अधिकाऱ्यापुढे तडजोडीची बोलणी चालू असताना संप करता येत नाही. मात्र त्याच काळात मालकालाही वादात असलेल्या सेवाशर्ती परस्पर बदलता येत नाहीत. म्हणून वाद लवकरात लवकर श्रम कार्यालयात नोंदवलेला बरा. राज्याच्या श्रमायुक्तांचं कार्यालय इंदूरलाच आहे. युनियनच्या लोकांना एक खेप पडेल इतकंच.

व्हीआरएसच्या कागदाबद्दल मी कडक बोलणार आहे. आज सही नको. आधी त्यातला आकडा सुटा करून घ्या. एकच मोठी रक्कम लिहिलेली असते आणि तिच्यात ग्रॅच्युइटी, पीएफ, शिल्लक रजेचे पैसे, अडकलेला पगार सगळं मिसळलेलं असतं. हे पैसे ह्यांचेच आहेत, सही केली नाही तरी त्यांचेच. समजा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून 20,000 आहे. महिन्याचे 26 दिवस धरून दर वर्षाला 15 दिवसांच्या हिशेबाने 22 वर्षांची ग्रॅच्युइटी साधारण 2 लाख 54 हजार होते. ती वजा करा, पीएफ वजा करा, थकलेला पगार वजा करा. मग जे उरेल तेवढंच कंपनी तुम्हाला ‘देते’ आहे. दुसरी बाजू अशी की कारखान्याने स्वतः नोकरकपात केली तर दर वर्षाला 15 दिवसांच्या सरासरी पगाराची वेगळी भरपाई द्यावी लागते. ‘मी स्वखुशीने जात आहे’ असं लिहून दिल्यावर ती मागता येत नाही. या दोन आकड्यांतला फरक काय आहे ते कागदावर मांडा आणि मग ठरवा. फरक तुमच्या बाजूचा निघाला आणि कारखाना खरंच चालणार नसेल, तर सही करण्यात कमीपणा नाही. बरोबरच्यांना सोडून गेला असं कुणी म्हणेल. ज्याच्या घरी वीस वर्षांचा मुलगा आणि बंद झालेली उधारी आहे त्याने ते ऐकून घ्यावं.

बाबांचं तुम्ही लिहिलंत, त्याबद्दल थोडं विस्ताराने बोलायला हवं, कारण तुमची सगळी भीती तिथून येते.

हुकुमचंद मिल 12 डिसेंबर 1991 ला बंद झाली. 5,895 कामगार होते. उच्च न्यायालयाने 2007 मध्ये त्यांची देणी 229 कोटी ठरवली. त्यातला मोठा भाग जमिनीचा तिढा सुटेपर्यंत अडकून राहिला आणि डिसेंबर 2023 मध्ये कुठे तो वाटायला सुरुवात झाली. बत्तीस वर्षं. दोन हजारांहून जास्त कामगार तोवर गेले होते, आणि त्यांचे पैसे तुमच्या आईसारख्या वारसांच्या हातात पडले. ग्वाल्हेरला बिर्लानगरात जे. सी. मिल 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला बंद पडली. तिथल्या घरांतूनही हीच कहाणी ऐकू येते. यातून तुम्ही काढलेला निष्कर्ष असा की लढण्यात अर्थ नाही. मी तो काढत नाही. पैसे आले ते गेटवर सभा भरवत राहिलेल्या म्हाताऱ्यांमुळे आणि कोर्टात तारखा मोजत राहिलेल्यांमुळे आले. पण त्या बत्तीस वर्षांत घरं चालली ती या पैशाच्या आशेवर चालली नाहीत. कुणी रिक्षा चालवली, कुणी सियागंजात हमाली केली, बायकांनी शिवणकाम केलं. ज्या घरांनी ‘निकाल लागला की बघू’ म्हणत मुलांची शाळा, मुलीचं लग्न, स्वतःचं औषधपाणी सगळं पुढे ढकललं, ती खचली. लढाई लांबली म्हणून ती खचली नाहीत, जगणं लढाईला बांधलं होतं म्हणून खचली. ह्यांना लढू द्या आणि घराचा हिशेब असा मांडा, की त्या लढाईतून एक रुपयाही येणार नाही.

इथे इंदूर आणि तुमचं गाव यांतला फरक मोठा आहे. मिलांचे भोंगे गप्प झाले तरी इंदूरला बाजार होता, कापडपेठ होती, शाळा-कॉलेजं होती. तुमच्या गावात किराणावाल्यापासून ट्यूशनच्या मास्तरांपर्यंत सगळ्यांचा पैसा एकाच पगारपत्रकातून निघतो. क्वार्टर कंपनीचं, दवाखाना कंपनीचा, पुष्कळदा पाणीसुद्धा कंपनीचं. म्हणून तुमचे ब्लाउज यायचे थांबले. तुमच्या हातात काही कमी नाही, गिऱ्हाइकाच्या नवऱ्याचा पगार अडकला आहे. अशा वेळी गावातच डबे, गावातच शिकवणी, गावातच छोटं दुकान, असं काहीही सुरू केलं तरी त्याच कोरड्या विहिरीत दुसरी बादली सोडल्यासारखं होईल. काम तुमचं असू दे, पण पैसा गावाबाहेरून आला पाहिजे. तुमच्या माहेराजवळ परदेशीपुऱ्यात रेडीमेड कपड्यांचे कारखाने आहेत, त्यांचं जॉबवर्क बाहेर जातं. आईला सांगून चौकशी करा. एका गाठोड्याने सुरुवात करा, आणि जमलं तर तुमच्या गल्लीतल्या आणखी दोघीतिघींना त्यात घ्या. गावात प्लॉट, घर यात आत्ता पैसा घालू नका. धरन्यासाठी दागिना गहाण ठेवायची वेळ आली तर तुम्ही ‘नाही’ म्हणा. हे मी ठामपणे सांगते.

एकाच कारखान्याच्या गावात मंदी आली की राग कुठे जातो, ते पाहा. कारखाना बंद करायचा की नाही, हे ठरवणारा माणूस तिथे राहत नाही. तो मुंबईत असतो, कधी परदेशात. त्याचा चेहरा कुणी पाहिलेला नसतो. दिसतात ते नोटीस लावणारा क्लार्क, बसमधला सुपरवायझर, उधारी मागणारा वाणी आणि बाहेरच्या राज्यातून आलेला ठेकेदारीतला पोरगा. मग राग त्यांच्यावर निघतो. ‘बाहेरच्यांनी आपलं काम खाल्लं’ हे वाक्य तुमच्या गावात ऐकू यायला लागलं असेलच. लक्षात घ्या, सगळ्यात आधी काढली गेली ती हीच मुलं. तुम्हीच तसं लिहिलंय. ठेकेदाराने त्यांचे पैसे बुडवले तर ते द्यायची जबाबदारी मूळ कारखान्याची असते, हे त्यांना कुणी सांगितलेलंही नसतं. ह्यांनी युनियनच्या मागणीपत्रात त्यांच्या थकबाकीचं एक कलम घालायला लावावं. वाण्याशीही युनियनने बसून बोलावं. कारखाना बंद पडला तर त्याचं दुकान वर्षभर टिकणार नाही, तो या भांडणात तुमच्याच बाजूचा आहे. इंदूरच्या मिलांचे भोंगे केव्हाच गेले, पण अनंत चतुर्दशीला त्या मिलांच्या झांक्या (चित्ररथ) अजून निघतात. कामगारांच्या समित्या वर्गणी गोळा करतात आणि रात्रभर रस्ता भरून जातो. तुम्ही लहानपणी बाबांच्या खांद्यावर बसून पाहिल्या असतील. ज्यांनी मिल बंद झाल्यावर एकमेकांची तोंडं पाहणं सोडलं नाही, त्यांच्यामुळे हे शिल्लक राहिलं.

आणि भाऊ. नोटिशीवर त्याची सही आहे, निर्णय त्याचा नाही. पर्सोनेल ऑफिसातल्या माणसाचं कामच ते असतं. ह्यांना एक गोष्ट बहुधा माहीत नसेल. कायद्याच्या भाषेत ह्यांना ‘कामगार’ म्हणतात, तुमच्या भावाला तसं म्हणता येईलच असं नाही. व्यवस्थापकीय काम करणारा माणूस त्या व्याख्येत बसत नाही. म्हणजे उद्या कारखान्याला कुलूप लागलं तर ह्यांना कपातीची भरपाई मागता येईल, औद्योगिक न्यायाधिकरणात जाता येईल. त्याला तो दरवाजाही नसेल. त्याच्या मागे युनियन नाही, गेटवर त्याच्यासाठी कुणी बसलेलं नाही. तो आत्ता दोन्हीकडून एकटा आहे. तुम्ही त्याला फोन करा, पण आतली बातमी विचारू नका. ‘यादीत ह्यांचं नाव आहे का रे?’ एवढंसुद्धा नाही. त्याने सांगितलं तर त्याची नोकरी जाईल, आणि ह्यांच्याबद्दल गेटवर कुजबुज सुरू होईल. आईची तब्येत, पोरांच्या परीक्षा, एवढंच बोला. ह्यांनी लगेच त्याच्याशी बोलावं असा आग्रह धरू नका. पण घरात मुलासमोर मामाला ‘दलाल’ म्हणायचं नाही, हा नियम मात्र आजपासून. वीस वर्षांचा मुलगा घरात ऐकलेला शब्द रात्री रस्त्यावर घेऊन जातो.

एक काम ह्यांच्याकडे द्या, घरी आल्यावर करण्यासारखं. नेमणूक पत्र, सगळ्या पगार स्लिपा, बोनसच्या पावत्या, ईएसआयचं कार्ड, पीएफचा यूएएन (खाते क्रमांक), हे सगळं एका फायलीत लावायचं आणि फोटो काढून आणखी एका ठिकाणी ठेवायचं. पीएफचं पासबुक उघडून बघा. पगारातून कापलेली रक्कम महिन्याच्या महिन्याला जमा झालीय का? नसेल तर भविष्य निधी कार्यालयात तक्रार आत्ताच करा. कारखाना दिवाळखोरीत गेलाच, तर कामगारांच्या शेवटच्या 24 महिन्यांच्या देण्यांना तारण असलेल्या बँकांच्या बरोबरीची जागा आहे, आणि पीएफ-ग्रॅच्युइटीचा निधी त्या वाटणीच्या बाहेर ठेवतात. पण दावा मुदतीत आणि कागदांसह लावावा लागतो. आईकडे बाबांची मिलची जुनी फाइल असेल तर ह्यांना एकदा दाखवा, काय काय जपून ठेवावं लागतं ते त्यांना कळेल. गेटवरच्या बाकीच्यांच्याही फायली त्यांनी अशाच लावून दिल्या, तर धरन्यातले रिकामे तास कामी येतील.

व्हीआरएसच्या कागदाचा फोटो आणि शेवटच्या तीन पगार स्लिपा मला पाठवा, नावं झाकून. महिनाअखेरीआधी आकडे मांडून देते. एफआयआरची प्रत हातात आली की त्यातली कलमंही लिहा.